फळांतील संयुगे आणि कर्करोगाचा प्रतिबंध : दावा तपासण्यापासून फळ ताटलीत येईपर्यंत

आमच्या नात्यातील एका मावशींवर कर्करोगाचे उपचार सुरू झाले, तेव्हा भेटीला येणाऱ्यांपैकी तिघांनी, एकमेकांना न विचारता, लक्ष्मणफळाच्या भुकटीचे पाकीट आणून दिले. त्यांतल्या एका पाकिटावर ‘केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. हा आकडा निव्वळ थाप असता तर सोडून देता आला असता. पण त्याला एक खरा उगम आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो. १९९६ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळी केलेली काही संयुगे काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर वापरून पाहिली, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशींवर त्यांतील एक संयुग अ‍ॅड्रियामायसिन या केमोथेरपीच्या औषधापेक्षा दहा हजार पट तीव्र ठरले. त्या प्रयोगात संयुग बियांतले होते, गरातले नव्हते. पेशी बशीतल्या होत्या आणि रुग्ण कुठेच नव्हता. याच फळातील अ‍ॅनोनासिन हे संयुग चेतापेशींना घातक असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर हे फळ व त्याच्या पानांचा काढा नियमित घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारख्या आजाराचे प्रमाण जास्त असल्याचे १९९९ मध्ये नोंदवले गेले होते. पाकिटावर अर्थातच यातले काही नव्हते.

फळांत कर्करोगाच्या प्रतिबंधाला हातभार लावणारी संयुगे असतात, हे खरे आहे. मात्र त्यांचा उपयोग फळ फळाच्या रूपात, दररोज, वर्षानुवर्षे खाल्ल्याने होतो, आणि तोही माफक होतो. तेच संयुग वेगळे काढून गोळीत किंवा भुकटीत भरले की हिशेब बदलतो, आणि कधी कधी उलटतो. पुढील पायऱ्या निरोगी माणसासाठी आहेत. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्यासाठी शेवटी स्वतंत्र मजकूर आहे, आणि त्यांनी तो आधी वाचला तरी चालेल.

पहिली पायरी : कोणते संयुग काय करते, हे समजून घेणे

कर्करोग एका दिवसात होत नाही. पेशीतील डीएनएला इजा होणे, ती दुरुस्त न होणे, इजा झालेल्या पेशीने वाढत राहणे आणि तिच्याभोवती दीर्घकाळ दाह टिकून राहणे, असा हा अनेक वर्षांचा प्रवास असतो. फळांतील संयुगे या प्रवासात वेगवेगळ्या ठिकाणी अडथळा आणतात. क जीवनसत्त्व पोटात नायट्रोसअमाइन या कर्करोगकारक द्रव्यांची निर्मिती रोखते. फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य संयुगांच्या गटातील काही संयुगे विषारी द्रव्ये निकामी करणाऱ्या यकृतातील विकरांना चालना देतात. आणि जांभूळ, करवंद, काळी द्राक्षे यांना गडद रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये प्रयोगशाळेत दाहाचे संदेश मंदावताना दिसतात.

सर्वांत कमी कौतुक होते ते चोथ्याचे, आणि माझ्या मते मानाचे पान त्याचेच आहे. तंतुमय भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधून मिळवतात, आणि बिघडलेल्या पेशींची वाढ रोखण्याचे कामही ते करते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून तंतुमय आहार संरक्षण देत असण्याची शक्यता बळकट आहे, असा निष्कर्ष जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालात नोंदवलेला आहे. लिंबाच्या सालीतील एखाद्या संयुगाबद्दल इतक्या ठामपणे कोणी बोलू शकत नाही.

डाळिंबाचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. डाळिंब सोलताना बोटे काळपट पिवळी होतात, ती सालीतील आणि पांढऱ्या पडद्यांतील टॅनिन या तुरट द्रव्यांमुळे. या गटातील प्युनिकॅलाजिन या संयुगाचे पोटात गेल्यावर एलाजिक आम्ल होते, पण तेही रक्तात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातील काही विशिष्ट जिवाणू त्याचे युरोलिथिन या द्रव्यात रूपांतर करतात आणि ते मात्र शोषले जाते. गंमत अशी की हे जिवाणू सर्वांच्या पोटात सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे एकाच घरात एकाच वाटीतील डाळिंब खाणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाच्या रक्तात युरोलिथिन भरपूर मिळते आणि दुसऱ्याच्या रक्तात जवळजवळ मिळतच नाही. ‘अमुक फळात तमुक संयुग आहे’ या वाक्यापासून ‘ते माझ्या शरीरात काम करते’ या वाक्यापर्यंतचे अंतर केवढे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी पायरी : दावा कोणत्या पायरीवर उभा आहे, हे पाहणे

कुठलाही दावा समोर आला की पहिला प्रश्न विचारावा : हे पेशींवर दिसले, उंदरांवर दिसले, माणसांच्या निरीक्षणात दिसले, की माणसांवरील नियंत्रित चाचणीत सिद्ध झाले? बातमीत हे बहुधा शेवटच्या परिच्छेदात दडलेले असते किंवा मुळातच नसते.

पेशींवरील प्रयोगांत मात्रेचा प्रश्न येतो. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरेट्रॉलला १९९७ मध्ये मोठी प्रसिद्धी मिळाली, कारण उंदरांच्या त्वचेवरील गाठी त्याने रोखल्याचे दिसले. पुढे माणसांना २५ मिलिग्रॅमची मात्रा देऊन मोजमाप केले, तेव्हा ते आतड्यातून चांगले शोषले गेले, पण यकृत आणि आतडे त्याचे रूप इतक्या झपाट्याने पालटतात की मूळ संयुग रक्तात नाममात्रच उरले. बशीतील पेशींना जी मात्रा दिली जाते ती याच्या शेकडो, कधी हजारो पट असते. मग मात्रा वाढवावी, असे कोणालाही वाटेल, आणि तसे करूनही पाहिले गेले; मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना रेझव्हेरेट्रॉलची मोठी मात्रा देणारी चाचणी काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाल्याने २०१० मध्ये थांबवावी लागली.

निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत वेगळीच अडचण असते. जो रोज फळे खातो तो बहुधा तंबाखू कमी खातो, थोडेफार चालतो आणि त्याच्या खिशात फळांपुरते पैसेही असतात. मग श्रेय नेमके कोणाला द्यायचे? युरोपातील दहा देशांतील पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांचा जो मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दररोज २०० ग्रॅम फळे-भाज्या जास्त खाणाऱ्यांमध्ये एकूण कर्करोगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी आढळला. फळांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा खिशात ठेवावा, असे मला वाटते. तोंड, घसा, अन्ननलिका, जठर अशा श्वसन व पचनमार्गाच्या कर्करोगांबाबत पुरावा याहून बरा आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशाला त्याचे महत्त्व अधिक आहे.

यानंतर येतात त्या नियंत्रित चाचण्या, आणि त्यांतील बीटा कॅरोटीनची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. पिवळी-नारिंगी फळे व भाज्या खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, हे निरीक्षण जुने होते. तेव्हा त्यांना रंग देणारे बीटा कॅरोटीन गोळीतून दिले तर काय होईल, हे पाहण्यासाठी फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षे चाचणीत ठेवले गेले. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला होता. अमेरिकेत १८,३१४ धूम्रपान करणाऱ्या व अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आलेल्या लोकांवर अशीच चाचणी चालू होती. तिथे बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. तिथला धोका २८ टक्क्यांनी वाढलेला दिसल्यावर जानेवारी १९९६ मध्ये ती मुदतीआधीच थांबवली गेली. गाजर-पपईने असे कोणाचे झाल्याचे दिसलेले नाही. तेच संयुग एकटे, मोठ्या मात्रेत, धुराने भाजलेल्या फुप्फुसात पोहोचले तेव्हा हे घडले. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ई जीवनसत्त्वाची गोळी देऊन पाहणाऱ्या मोठ्या चाचणीचाही निकाल २०११ मध्ये असाच उलटा, १७ टक्के वाढीचा, आला. कर्करोग टाळण्यासाठी पूरक गोळ्या घेऊ नयेत, ही जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस याच अनुभवातून आलेली आहे.

फळाशी नाते सांगणारी एक चाचणी मात्र आशादायक ठरली. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषामुळे ज्यांना कर्करोगाचा धोका फार मोठा असतो, अशा नऊशेहून अधिक लोकांना ब्रिटिश संशोधकांच्या नेतृत्वाखालील चाचणीत रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च किंवा त्यासारखीच दिसणारी निरुपद्रवी भुकटी सरासरी दोन वर्षे दिली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात स्टार्च घेणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याबाहेरील कर्करोग जवळपास निम्म्यावर आलेले दिसले; मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र फरक पडला नाही. तो स्टार्च मक्यापासून काढलेला होता, पण तशाच प्रकारचा स्टार्च नुकत्याच पिवळ्या होऊ लागलेल्या, देठाशी अजून हिरव्या असलेल्या केळ्यात असतो. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात त्याची साखर झालेली असते. हा निष्कर्ष लिंच सिंड्रोम नसलेल्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही, तरी केळी घेताना घड थोडा करकरीत निवडायला पैसे जास्त पडत नाहीत.

तिसरी पायरी : किती आणि कोणते, हे ठरवणे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांतील दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते.

१०० ग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांना कळावे म्हणून एकदा वजनकाटा घेऊन बसावे. माझ्या स्वयंपाकघरातील काट्यावर मध्यम पेरू दीडशे ग्रॅम भरला, सोललेले केळे शंभराच्या आसपास, आणि पाव किलोच्या डाळिंबातून साली व पडदे काढल्यावर निम्म्याहून थोडे अधिक दाणे निघाले. एवढे एकदा केले की पुन्हा काट्याची गरज लागत नाही.

निवड करताना रंग आणि हंगाम हे दोन निकष पुरतात. लाल गराच्या फळांना रंग देणारे लायकोपीन प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. त्याबाबतचा पुरावा अजून निर्णायक नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे सुमारे २.६ मिलिग्रॅम, कलिंगडात सुमारे ४.५ आणि गुलाबी पेरूत सुमारे ५.२ मिलिग्रॅम लायकोपीन असते. हे द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून फळ जेवणानंतर लगेच किंवा मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाल्ले तर ते अधिक शोषले जाते. टोमॅटो तेलात परतून खाणे या बाबतीत कोशिंबिरीपेक्षा सरस आहे. लाल गराच्या पपईतील लायकोपीन तर टोमॅटोतल्यापेक्षा सहज शोषले जाते, असे माणसांवरील अभ्यासात दिसले आहे.

महाराष्ट्रात वर्षभराचे गणित बसवणे अवघड नाही. थंडीत आवळा, पेरू, बोरे आणि संत्री; त्यानंतर नाशिक-सांगलीची द्राक्षे; उन्हाळ्यात कलिंगड, करवंदे, आंबा; पावसाच्या तोंडावर जांभळे; श्रावणानंतर सीताफळ; आणि केळी, पपई, डाळिंब मधल्या फटी भरायला. पेरू हा माझा पक्षपात समजावा. त्यात १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट असते, शिवाय चोथा भरपूर असतो. आणि तो ब्ल्यूबेरीच्या एका डबीच्या किमतीत किलोंनी मिळतो. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉलवर प्रयोगशाळांत बरेच काम झाले आहे, पण ते पेशी आणि प्राणी यांच्यापुरतेच आहे. आमसुलाची सोलकढी आवडीने प्यावी; कोकम सरबताच्या बाटलीत मात्र प्रामुख्याने साखर असते.

चौथी पायरी : धुणे, कापणे आणि रस न काढणे

फळ कापण्याआधी धुवावे, नंतर नव्हे. अन्यथा सुरीबरोबर सालीवरचे सारे आत जाते. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे बहुतेक वेळा पुरेसे असते. द्राक्षे, सफरचंदे यांसाठी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, खाण्याचा सोडा विरघळवून त्यात फळे बारा ते पंधरा मिनिटे ठेवावीत आणि मग साध्या पाण्याने धुवावीत. सफरचंदावर २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगात या पद्धतीने पृष्ठभागावरची दोन कीडनाशके जवळजवळ पूर्ण निघाली. सालीच्या आत मुरलेला अंश मात्र राहिला. म्हणून साल काढून टाकावी का? सफरचंदातील क्वर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड बहुतांशी सालीतच असते, त्यामुळे धुऊन सालीसकट खावे, असे माझे मत आहे. आंबे घेताना कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेले टाळावेत. त्यावर कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने ठरावीक प्रमाणात पिकवणे कायदेशीर आहे आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

रस काढू नये. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात. ती बसून खाल्ली तर दुसऱ्या संत्र्यालाच पोट हात वर करते, पण रस दोन मिनिटांत संपतो, चोथा भांड्यात राहतो आणि साखर तेवढी पोटात जाते. फ्रान्समधील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या २०१९ च्या अभ्यासात साखरयुक्त पेयांबरोबर शंभर टक्के फळांच्या रसाचाही कर्करोगाच्या वाढीव धोक्याशी संबंध दिसला. हेही निरीक्षणच आहे, पण दिशा कळण्यास पुरेसे आहे. मोरावळ्यालाही हाच न्याय लावावा, कारण त्यात आवळ्याइतकीच किंवा अधिक साखर असते. आवळा ताजा असेपर्यंत किसून, मीठ लावून जेवणात घ्यावा. उरलेल्याची उन्हात वाळवून आवळा सुपारी करावी. नावात सुपारी असली तरी ती त्यात नसते, आणि सुपारी सोडू पाहणाऱ्याच्या तोंडाला ती चांगला चाळा देते.

पाचवी पायरी : फळांकडून नको ती अपेक्षा काढून टाकणे

तंबाखू, मिश्री, गुटखा आणि मद्य यांचे नुकसान कोणतेही फळ भरून काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, त्यात तंबाखू नसली तरी, माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ज्या घरात सकाळी मिश्री लावली जाते, त्या घराने फळांचा खर्च वाढवण्याआधी मिश्रीची डबी फेकावी.

तपासणीचेही तसेच. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला, ज्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून, पांढरे डाग उमटतात का हे नुसत्या डोळ्यांनी पाहत. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. अ‍ॅसिटिक आम्ल म्हणजे आपल्या व्हिनेगरमधले आम्ल. फळांच्या रसातूनही बनणाऱ्या या साध्या संयुगाने जेवढे जीव वाचवल्याचे सिद्ध केले आहे तेवढे खाऊन कुठल्या संयुगाने केलेले नाही, हे मला नेहमी मिश्कील वाटते. तेव्हा तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी, तसेच मुलींना गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी एचपीव्ही लस वेळेवर, या गोष्टी फळांच्या टोपलीआधी येतात.

ज्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कमरख अजिबात खाऊ नये, कारण त्यातील द्रव्ये शरीराबाहेर न पडल्याने मेंदूवर घातक परिणाम होतो. केळ्यासारख्या पोटॅशियमयुक्त फळांचे प्रमाणही त्यांनी विचारूनच ठरवावे. मधुमेहींनी फळे बंद करण्याची गरज सहसा नसते, पण ती दोन जेवणांमध्ये, थोडी आणि सबंध खावीत. ग्रेपफ्रूट, आणि काही प्रमाणात आपले पपनसही, आतड्यातील असे एक विकर अडवतात की कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची आणि कर्करोगाचीही काही औषधे रक्तात प्रमाणाबाहेर साचतात. जर्दाळूच्या कडू बिया कर्करोगावर खाण्याचा सल्ला अजूनही फिरतो; त्यातील अमिग्डालिनपासून बनवलेले लेट्रिल अमेरिकेत १७८ रुग्णांना देऊन १९८२ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा फायदा आढळला नाही आणि काहींच्या रक्तातील सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोहोचले होते.

केमोथेरपी चालू असताना रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्गाचा धोका वाढतो, तेव्हा रस्त्यावरची कापलेली फळे, बाहेरचा रस आणि ज्यांना नीट धुता येत नाही अशी स्ट्रॉबेरीसारखी फळे टाळावीत. घरी धुऊन, सोलून लगेच खाता येणारी फळे अधिक सुरक्षित. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, काढे, भुकट्या यांतील एकही गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नये, आणि नाव आठवत नसेल तर पाकीटच सोबत न्यावे. मावशींनी तेच केले. तिन्ही पाकिटे पिशवीत घालून त्या पुढच्या तपासणीला गेल्या. डॉक्टरांनी मागची बाजू वाचली, तिन्ही बंद करायला सांगितली, आणि ‘मग मी खाऊ तरी काय?’ या प्रश्नावर, पेशींची संख्या वर येईपर्यंत केळे आणि संत्रे, साल स्वतः काढून, असे कागदावर लिहून दिले.